घोडीचं मूत्र आणि बाईचं हृदय

24 ऑक्टोबर 1985 रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकी साप्ताहिकात दोन शोधनिबंध लागोपाठ छापून आले. विषय दोन्हींचा एकच. पाळी गेलेल्या बाईने इस्ट्रोजेन या हार्मोनची गोळी घेतली, तर तिच्या हृदयाचं काय होतं? पहिला निबंध मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम गावच्या 1,234 बायकांविषयी होता. त्याचं म्हणणं असं, की गोळी घेणाऱ्यांत हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे आजार दीडपटीहून जास्त. दुसरा निबंध बॉस्टनच्या हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांचा, 32,317 परिचारिकांच्या माहितीवर उभा केलेला. तो सांगत होता, गोळी घेतलेल्या बायकांत हृदयविकार निम्माच. फ्रेमिंगहॅम ते बॉस्टन हे अंतर जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटर, पण निष्कर्षांची तोंडं पूर्व-पश्चिम.

अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दुसरा निबंध उचलून धरला. पुढची सतरा वर्षं लाखो बायकांना ‘हृदयाला बरी’ म्हणून ही गोळी लिहून दिली गेली आणि 2002च्या जुलैमध्ये या प्रथेचा पायाच निखळला. ही प्रथा ज्या निरीक्षणातून निघाली ते मुळात खोटं नव्हतं. पाळी गेल्यानंतर बायकांत हृदयविकाराचं प्रमाण वाढतं, हे खरंच आहे. चूक झाली ती पुढच्या पायरीवर, म्हणजे गोळीने हा धोका टळतो असं मानण्यात.

हृदयविकार हा पुरुषांचा आजार, ही वैद्यकातली फार जुनी समजूत. लंडनचे डॉक्टर विल्यम हेबर्डन यांनी अठराव्या शतकात ‘अँजायना’चं, म्हणजे चालताना छातीत उठणाऱ्या आणि थांबलं की शमणाऱ्या कळेचं, पहिलं नेमकं वर्णन केलं. त्यांनी पाहिलेल्या शंभरेक रुग्णांत बायका होत्या तीन. एक बारा वर्षांचा मुलगा होता आणि बाकी सगळे पन्नाशीच्या जवळ आलेले किंवा ती ओलांडलेले पुरुष. हीच प्रतिमा पुढची दोन शतकं टिकली.

1964 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात खास स्त्रियांसाठी हृदयविकारावर परिषद भरवली. हजारो बायका आल्या. परिषदेचं नाव ‘हार्ट्स अँड हजबंड्स’. नवऱ्याचं हृदय जपायचं तर बायकोने काय रांधावं आणि त्याची काळजी कशी घ्यावी, हा तिथला विषय. आलेल्या बायकांच्या स्वतःच्या हृदयाचा विचार करायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

मोठ्या अभ्यासांचीही तीच तऱ्हा. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान आटोक्यात आणून हृदयविकार टळतो का, हे पाहणाऱ्या ‘मिस्टर फिट’ नावाच्या सत्तरच्या दशकातल्या चाचणीत 12,866 जण होते, सगळे पुरुष. ॲस्पिरिनने हार्ट अटॅक टळतो का, हे तपासणाऱ्या चाचणीत 22,071 डॉक्टर होते. तेही सगळे पुरुष. त्यात 1977 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांपासून दूर ठेवण्याचं धोरण आखलं. आईने गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे व्यंग घेऊन जन्मलेली मुलं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, त्यामुळे हेतूला नाव ठेवता येणार नाही. पण बाईच्या शरीराची माहिती आणखी कमी झाली, ती झालीच.

या सगळ्यात फ्रेमिंगहॅम मात्र वेगळं निघालं. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट 1945 साली रक्तदाब भयंकर चढून मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. तीन वर्षांनी अमेरिकेत राष्ट्रीय हृदय कायदा झाला आणि त्याच वर्षी, 1948 मध्ये, सुमारे 28,000 वस्तीच्या या गावात एक लांब पल्ल्याचा अभ्यास सुरू झाला. तीस ते बासष्ट वयाच्या 5,209 गावकऱ्यांनी नाव नोंदवलं. दर दोन वर्षांनी यायचं, रक्तदाब मोजून घ्यायचा, रक्त द्यायचं, ईसीजी काढायचा आणि मग कोण आजारी पडतं याची संशोधकांनी वाट पाहायची, असा हा साधा पण चिकाटीचा मामला. ‘रिस्क फॅक्टर’ ही कल्पना याच गावाने 1961 साली वैद्यकात रुळवली. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे, नाव नोंदवलेल्यांत निम्म्याहून अधिक, 2,873 बायका होत्या.

चोवीस वर्षांच्या नोंदी हाती आल्यावर विल्यम कॅनेल आणि सहकाऱ्यांनी पाळी आणि हृदयविकार यांचा मेळ घातला. 1976 आणि 1978 साली आलेल्या त्यांच्या निबंधांनी वैद्यकाचं लक्ष वेधलं. पाळी चालू असलेल्या एकाही बाईला त्या चोवीस वर्षांत हार्ट अटॅक आला नव्हता किंवा हृदयविकाराने मृत्यू आला नव्हता. पाळी गेलेल्यांत मात्र अशा घटना सर्रास होत्या. वय हे त्याचं एकमेव कारण नव्हतं, कारण एकाच वयाच्या दोन बायकांची तुलना केली तरी पाळी गेलेलीला धोका जास्त दिसत होता. त्याच निबंधांत आणखी एक गोष्ट नोंदली होती. हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांत हृदयविकार कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला होता. ती ओळ फारशी कुणी मनावर घेतली नाही. कारण तोवर गोळीचा बाजार चांगलाच स्थिरावला होता.

हा बाजार घोड्यांच्या तबेल्यात जन्मला. 1929 साली अमेरिकेत एडवर्ड डॉइझी यांनी आणि जर्मनीत ॲडॉल्फ बुटेनांट यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, गरोदर बायकांच्या मूत्रातून इस्ट्रोजेनचा एक प्रकार शुद्ध रूपात वेगळा केला. कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स कॉलिप काम करत होते. इन्सुलिन शुद्ध करणाऱ्या चमूतले ते रसायनतज्ज्ञ. त्यांनी वारेपासून ‘एमेनिन’ हे औषध बनवलं आणि आयर्स्ट, मॅकेना अँड हॅरिसन या कंपनीने ते बाजारात आणलं. पण कच्चा माल मिळणार किती आणि कुठून? उत्तर बर्लिनमधून आलं होतं. गाभण घोडीच्या मूत्रात इस्ट्रोजेन मुबलक असतं, हे बर्नहार्ड झोंडेक यांनी 1930 साली दाखवून दिलं. पुढे नाझींनी नोकरीवरून काढल्यावर देश सोडून गेलेल्या याच झोंडेक यांना घोड्याच्या, म्हणजे नराच्या, मूत्रातही तो ‘स्त्री हार्मोन’ भरपूर सापडला. निसर्ग माणसाच्या वर्गवारीला जुमानत नाही, याचा हा चांगला दाखला.

माँट्रियलच्या कंपनीने घोडीचा मार्ग धरला. 1941 साली कॅनडात आणि 1942 साली अमेरिकेत ‘प्रेमरिन’ विक्रीला आलं. त्यासाठी मॅनिटोबा आणि आसपासच्या प्रांतांत गाभण घोड्यांचे शेकडो तबेले उभे राहिले. थंडीचे महिने घोडी गव्हाणीशी बांधलेली, मूत्र धरायला तिला पट्ट्यांनी अडकवलेली पिशवी, आणि जमलेला माल ब्रँडन गावच्या कारखान्याकडे रवाना. त्या पट्ट्यातल्या अनेक शेतकरी कुटुंबांचा संसार या जोडधंद्यावर चालला.

सुरुवातीला ही गोळी पाळी जाताना अंगातून निघणाऱ्या वाफा, रात्री फुटणारा दरदरून घाम आणि उडालेली झोप यांसाठी होती. त्या त्रासावर ती गुणकारी होती आणि आजही आहे. तिला ‘तारुण्याचं औषध’ केलं ते ब्रुकलिनचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी. 1966 साली त्यांचं ‘फेमिनिन फॉरएव्हर’ हे पुस्तक आलं आणि हातोहात खपलं. रजोनिवृत्ती हा आयुष्याचा टप्पा मानायचाच नाही, तो एका हार्मोनच्या कमतरतेचा रोग आहे, मधुमेह्याला इन्सुलिन तसं बाईला इस्ट्रोजेन, असा त्यांचा युक्तिवाद. विल्सन यांच्या संस्थेला औषध कंपन्यांचा पैसा मिळत होता, हे त्यांच्या मुलानेच पुढे 2002 साली वर्तमानपत्राला सांगितलं. 1975 पर्यंत प्रेमरिन अमेरिकेत सर्वाधिक लिहून दिल्या जाणाऱ्या पहिल्या पाच औषधांत जाऊन बसलं.

त्याच वर्षी डिसेंबरात पहिला दणका बसला. सिएटल आणि लॉस एंजेलिस इथल्या दोन अभ्यासांनी दाखवलं, की नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग साडेचार ते साडेसात पट जास्त आहे. खप कोसळला. मग इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टिन हे दुसरं हार्मोन दिलं की अस्तराला धोका राहत नाही, असं दिसून आलं आणि गोळी पुन्हा उभी राहिली. या खेपेला तिला नवं काम हवं होतं. आधी हाडांची झीज पुढे आली. त्यानंतर हृदय.

इस्ट्रोजेन हृदयाला राखतं, ही कल्पना ऐंशीच्या दशकातली नव्हती. शिकागोच्या मायकेल रीस रुग्णालयात रूथ पिक, जेरेमाया स्टॅम्लर आणि सहकाऱ्यांनी 1952 साली कोंबड्यांच्या पिलांना कोलेस्टेरॉलयुक्त खाणं घातलं. ज्यांना सोबत इस्ट्रोजेन दिलं, त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचणं रोखलं गेलं. प्रयोग नेटका होता. आता माणसांवर पाहायचं, तर कोणत्या माणसांवर? हृदयविकार पुरुषांचा, म्हणून पुरुषांवर.

‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ ही चाचणी 1966 साली सुरू झाली. एकदा हार्ट अटॅक येऊन गेलेल्या 8,341 पुरुषांची वेगवेगळ्या औषधांच्या गटांत वाटणी झाली. त्यांपैकी दोन गटांना घोडीच्या मूत्रातलं इस्ट्रोजेन मिळालं, दिवसाला 5 मिलिग्रॅम किंवा 2.5 मिलिग्रॅम. बायकांचा नेहमीचा डोस होता 0.625. जास्त डोसच्या गटात हार्ट अटॅक आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्या, म्हणून 1970 साली तो बंद करावा लागला. कमी डोसच्या गटालाही फायदा होईना, उलट गुठळ्यांची लक्षणं दिसू लागली, तेव्हा तोही गुंडाळला. बायकांचं हृदय राखणारं म्हणून ज्या हार्मोनची ख्याती झाली, त्याची पहिली मोठी कसोटी पुरुषांवर लागली आणि त्यात ते नापास झालं. डॉक्टरांनी यातून एवढाच अर्थ काढला, की पुरुषांना ते मानवत नाही.

आता 1985च्या त्या दुसऱ्या निबंधाकडे वळू. ‘नर्सेस हेल्थ स्टडी’ 1976 साली परिचारिकांना टपालाने प्रश्नावली पाठवून सुरू झाली होती आणि 1,21,700 जणींनी ती भरून परत पाठवली होती. शिस्तीची, भव्य पाहणी. परिचारिका आपल्या आजारांची माहिती नेमकी देतात, हा तिचा मोठा गुण. पण कोणी गोळी घ्यायची हे संशोधक ठरवत नव्हते. ते ठरवत होत्या बायका स्वतः आणि त्यांचे डॉक्टर. ज्या बाईला डॉक्टरकडे नियमित जाणं परवडतं, जी शिकलेली आहे, व्यायाम करते, वजन राखते, तिच्या हातात ही गोळी पडण्याची शक्यता मुळातच जास्त. मग तिचं हृदय गोळीने वाचलं की राहणीमानाने?

हा संशय बोलून दाखवणारे होते. कॅलिफोर्नियातल्या वॉलनट क्रीक इथल्या अभ्यासात डायना पेटिटी आणि सहकाऱ्यांना इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत हृदयविकाराचे मृत्यू कमी दिसले. त्यांनी आणखी खोदून पाहिलं, तर त्या बायकांत अपघात, आत्महत्या आणि खून यांनी होणारे मृत्यूही कमी होते. इस्ट्रोजेनची गोळी खुनापासून वाचवते, असं कोणी म्हणणार नाही. म्हणजे या बायकाच वेगळ्या थरातल्या होत्या. सॅन डिएगोच्या एलिझाबेथ बॅरेट-कॉनर यांनीही हाच इशारा दिला. पिट्सबर्गच्या कॅरन मॅथ्यूज यांनी 1996 साली दाखवून दिलं, की गोळी घेणाऱ्या बायका गोळी सुरू करण्याच्या आधीपासूनच जास्त निरोगी असतात.

पण वाऱ्याची दिशा ठरलेली होती. 1990 साली कंपनीने प्रेमरिनवर ‘हृदयासाठी’ असं अधिकृतपणे लिहिण्याची परवानगी मागितली. स्त्रियांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या ‘नॅशनल विमेन्स हेल्थ नेटवर्क’ या संघटनेने विरोध केला. लक्षावधी निरोगी बायकांना वर्षानुवर्षं द्यायचं औषध आहे, तर आधी रीतसर चाचणी करा, एवढंच तिचं म्हणणं. परवानगी मिळाली नाही. डॉक्टरांच्या लेखणीला मात्र परवानगीची गरज नव्हती. 1992 साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या मान्यवर संस्थेने पाळी गेलेल्या सर्वच स्त्रियांनी ही गोळी घेण्याचा विचार करावा आणि हृदयविकार असलेल्यांना तिचा लाभ होण्याचा संभव आहे, असा सल्ला दिला. प्रेमरिन खपाच्या यादीत सर्वांत वर जाऊन पोचलं.

याच सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या प्रमुखपदी बर्नाडीन हीली आल्या. त्या पदावरच्या पहिल्या स्त्री आणि स्वतः हृदयरोगतज्ज्ञ. 1991 साली त्यांनी एक गाजलेलं संपादकीय लिहिलं. हृदयविकार झालेल्या बाईला पुरुषाइतके उपचार मिळायचे असतील, तर आधी तिला आपला आजार पुरुषाइतकाच गंभीर असल्याचं सिद्ध करावं लागतं, ही त्यांची तक्रार होती आणि तिला त्याच अंकातल्या दोन अभ्यासांचा आधार होता. त्याच वर्षी त्यांनी ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ची घोषणा केली. 40 केंद्रं, 1,61,808 स्त्रिया, कोट्यवधी डॉलरांचा खर्च. त्यातल्या हार्मोनच्या चाचणीत कोणाला खरी गोळी आणि कोणाला तशीच दिसणारी पोकळ गोळी हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरणार होतं. बायकांना, डॉक्टरांना, कोणालाच ते कळणार नव्हतं. शिकलेली-न शिकलेली, सडपातळ-स्थूल हा भेद दोन्ही गटांत सारखा वाटला गेला, की उरतो तो फक्त गोळीचा परिणाम.

तिचे निकाल येण्याआधी 1998 साली ‘हर्स’ नावाची दुसरी चाचणी पूर्ण झाली. खर्च गोळी बनवणाऱ्या कंपनीचाच होता आणि यश मिळणार याची तिला खात्री असणार. आधीच हृदयविकार असलेल्या 2,763 बायका, सरासरी वय 67. चार वर्षांनी हिशेब केला, तेव्हा हार्मोनच्या गटात हार्ट अटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यू अशा 172 घटना आणि पोकळ गोळीच्या गटात 176. थोडक्यात, फरक शून्य. पहिल्या वर्षात तर हार्मोनच्या गटाला धोका जास्त होता. दर दोन वर्षांनी टपालाने विचारपूस करणाऱ्या पाहणीतून असा सुरुवातीचा धोका निसटून जाऊ शकतो, हेही तेव्हा लक्षात आलं.

मग 9 जुलै 2002 हा दिवस उजाडला. मोठ्या चाचणीतला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनचा भाग मुदतीआधीच थांबवत असल्याचं जाहीर झालं. 50 ते 79 वयाच्या 16,608 बायका, सरासरी सव्वापाच वर्षं. हार्मोनच्या गटात हृदयविकार 29 टक्क्यांनी, पक्षाघात 41 टक्क्यांनी आणि स्तनांचा कर्करोग 26 टक्क्यांनी जास्त. फुप्फुसात गुठळ्या जाण्याचं प्रमाण दुप्पट. खुब्याची हाडं मोडणं आणि आतड्याचा कर्करोग मात्र कमी.

वृत्तपत्रांनी टक्के छापले. ते वाचून बायका घाबरल्या. टक्क्यांच्या मागचे आकडे तितके भयावह नव्हते. दहा हजार बायकांनी वर्षभर गोळी घेतली, तर हृदयविकाराच्या 30 घटनांच्या जागी 37 घडतात, म्हणजे सात जास्त. एकट्या बाईसाठी हा धोका लहान होता. पण जी गोळी हृदय वाचवायला म्हणून निरोगी बाईच्या हातात दिली, तिने सात जणींचं हृदय बिघडवावं, हे कोणत्याही हिशेबात बसणारं नव्हतं. वर्षभरात या जोडगोळीचा खप दोन तृतीयांशांनी घसरला. त्याचे पडसाद थेट मॅनिटोबात उमटले. कंपनीने तबेल्यांचे करार मोठ्या प्रमाणावर रद्द केले आणि हजारो घोड्या आणि शिंगरांना गिऱ्हाईक कोठून आणायचं, हा प्रश्न शेतकऱ्यांपुढे उभा राहिला.

प्रकरण इथे मिटलं नाही. 2004 साली गर्भाशय काढलेल्या 10,739 बायकांवरचा, नुसत्या इस्ट्रोजेनचा भागही थांबला. त्यात पक्षाघात वाढला होता, हृदयविकार मात्र वाढला नव्हता. मग 2007 साली ज्याक रोसो आणि सहकाऱ्यांनी दोन्ही भागांचे आकडे एकत्र करून, पाळी जाऊन किती वर्षं झाली यानुसार वेगळे काढले. ज्यांची पाळी जाऊन दहा वर्षंही झाली नव्हती, त्यांच्यात हृदयाला धोका वाढलेला दिसला नाही. वीस वर्षं उलटलेल्यांत तो वाढलेला होता. नॉर्थ कॅरोलायनात टॉमस क्लार्कसन यांना माकडिणींमध्ये असंच आढळलं होतं. बीजांडकोश काढल्यावर लगेच इस्ट्रोजेन दिलं, तर रक्तवाहिन्यांत थर कमी साचत. दोन वर्षं थांबून दिलं, तर काही उपयोग नाही. 2016 साली ‘एलिट’ या 643 स्त्रियांच्या चाचणीत पाळी जाऊन सहा वर्षांच्या आत हार्मोन सुरू केलेल्या बायकांच्या मानेतल्या रक्तवाहिनीची भिंत जाड होण्याचा वेग कमी दिसला. दहा वर्षांनंतर सुरू केलेल्यांत तसा फरक पडला नाही. वाहिनी निरोगी असेल तोवर इस्ट्रोजेन तिला मानवतं, थर साचून गेल्यावर नाही, असा सध्याचा तर्क आहे.

गोळीच्या या गदारोळात मूळ प्रश्न जरा बाजूला पडला होता. पाळी जाताना शरीरात नेमकं काय बदलतं? अमेरिकेत 1990च्या दशकात सुरू झालेल्या ‘स्वान’ या अभ्यासाने 42 ते 52 वयाच्या 3,302 बायकांची वर्षानुवर्षं तपासणी केली. 2009 साली कॅरन मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी त्यातून दाखवलं, की शेवटच्या पाळीच्या आगेमागे वर्षभरात एलडीएल हे घातक कोलेस्टेरॉल एकदम उडी घेतं. रक्तदाब, साखर वगैरे मात्र वयाच्या गतीनेच वाढत राहतात. म्हणजे एका बाजूला वय आपलं काम करत असतं आणि नेमक्या त्याच काळात पाळी जाण्याची भर पडते. स्कॉटलंडचे ह्यू टन्स्टॉल-पीडो यांनी 1998 साली एक वेगळी गोष्टही लक्षात आणून दिली. बायकांच्या हृदयविकारातल्या मृत्यूंचा आलेख पन्नाशीला अचानक उसळत नाही. तो संथपणे चढतच असतो. पन्नाशीनंतर पुरुषांचा चढ थोडा मंदावतो, म्हणून बायकांनी अंतर भरून काढल्यासारखं दिसतं.

जिथे दुमत कमी आहे, ती गोष्ट म्हणजे पाळी वेळेआधी जाणं. त्याच परिचारिकांच्या पाहणीतून 1987 साली दिसलं, की दोन्ही बीजांडकोश काढलेल्या आणि हार्मोन न घेतलेल्या बायकांत हृदयविकाराचा धोका दुपटीहून जास्त आहे. नैसर्गिकरीत्या पाळी गेलेल्यांत वय आणि धूम्रपान लक्षात घेतल्यावर असा फरक उरला नाही. 2018 सालच्या अमेरिकी कोलेस्टेरॉल मार्गदर्शिकेत चाळिशीच्या आत पाळी जाणं हा हृदयाचा धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदला गेला आहे. गरोदरपणात झालेल्या रक्तदाबाच्या गंभीर विकाराचाही त्यात समावेश आहे.

इथे ही अमेरिकी हकीकत थेट मराठवाड्यात येऊन भिडते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांची गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारने 2019 साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82,309 बायकांच्या पाहणीत 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे सहांत एक. त्यांत चाळिशीही न गाठलेल्या अनेक होत्या. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, एका खाड्याला बसणारा दंड, फडात ना पाणी ना आडोसा. अशा जगण्यात पाळी ही कटकट वाटते आणि ‘पिशवी काढून टाक’ हा सल्ला सोपा वाटतो. पिशवीबरोबर बीजांडकोशही गेले, तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी सुरू होते. ते ठेवले, तरी ती काही वर्षं अलीकडे येऊ शकते. भारतात नैसर्गिक पाळीच सरासरी 46-47व्या वर्षी जाते, अमेरिकेत एकावन्नाच्या सुमाराला. म्हणजे इथल्या बाईच्या पदरात आधीच चार-पाच वर्षं कमी.

गोळीबद्दलचा आजचा निवाडा पुरेसा स्पष्ट आहे. अंगातून निघणाऱ्या वाफा आणि झोपेचा त्रास असह्य असेल, वय साठीच्या आत असेल किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील आणि दुसरी अडचण नसेल, तर बहुतेक बायकांना हार्मोनचा फायदा धोक्याहून जास्त, असं अमेरिकेतल्या रजोनिवृत्तीच्या तज्ज्ञांची संघटना 2022 साली म्हणाली. पाळी फार लवकर गेली असेल, तर तिच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन देण्याचाही सल्ला दिला जातो. मात्र पुढे हृदयविकार होऊ नये एवढ्याचसाठी निरोगी बाईने ही गोळी घेऊ नये, असं अमेरिकेच्या आजार-प्रतिबंधविषयक सरकारी समितीने त्याच वर्षी पुन्हा सांगितलं. हृदयासाठीचे खात्रीचे उपाय जुनेच आहेत. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि साखर मोजून आटोक्यात ठेवणं, तंबाखू आणि मिश्री सोडणं, रोज चालणं.

पण ते मोजून घ्यायला बाईला आधी ठाऊक हवं, की हा आजार तिचाही आहे. अमेरिकेत बायकांच्या मृत्यूचं पहिलं कारण हृदयविकार हे आहे. तिथल्या 65 टक्के बायकांना 2009 साली हे माहीत होतं. 2019च्या पाहणीत हा आकडा 44 टक्क्यांवर घसरलेला होता. तेव्हा पंचेचाळिशी गाठलेल्या प्रत्येक बाईने आपल्या फाइलच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. पाळी गेली असेल तर कोणत्या वर्षी, पिशवी काढली असेल तर बीजांडकोश ठेवले की काढले, आणि गरोदरपणात रक्तदाब वाढला होता का. डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी त्यांना हे पान आपणहून दाखवावं.